सरकारी लिलावात अडथळा आणल्याची फिर्याद : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

जप्त मालमत्तेच्या लिलावात कोणी आडवे आले की बहुतेक तालुक्यांत एकच क्रम दिसतो. लिलाव अधिकारी लिलाव तहकूब करून थेट पोलीस ठाणे गाठतो, तिथे अदखलपात्र नोंद होते (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची), नोंदीची प्रत फाईलला लागते आणि कारवाई झाली असे सगळे समजून चालतात. प्रत्यक्षात न्यायालयात काहीच दाखल झालेले नसते. हे लक्षात येईपर्यंत वर्ष उलटून जाते आणि मुदतही संपते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत वाळूच्या जप्त वाहनांचे, थकबाकीतील जमिनींचे आणि न्यायालयीन दरखास्तीतील (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतील) मालमत्तांचे लिलाव सतत निघतात. त्यामुळे हा विषय लिलाव अधिकारी, मंडळ अधिकारी, तलाठी आणि न्यायालयाचे बेलिफ यांनी नीट समजून घेतला पाहिजे, आणि ज्यांच्यावर असा आरोप येऊ शकतो त्यांनीही.

भारतीय न्याय संहितेचे कलम २१९ असे आहे : लोकसेवकाच्या कायदेशीर अधिकाराखाली विक्रीस काढलेल्या मालमत्तेच्या विक्रीत जो कोणी उद्देशपूर्वक अडथळा आणील, त्याला एक महिन्यापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या घटनेला जुन्या दंड संहितेचे कलम १८४ लागते. त्यात कैद तेवढीच असली तरी दंडाची मर्यादा पाचशे रुपये होती. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. शिक्षा लहान असल्याने कागदही साधे चालतील असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण या कलमाखालील प्रकरणे शिक्षेच्या प्रश्नापर्यंत पोचण्याआधीच कागदावर पडतात.

टप्पा १ : विक्री कोणाच्या अधिकाराखाली आहे ते ठरवा

पहिला प्रश्न अडथळ्याचा नाही, विक्रीचा आहे. विक्री लोकसेवकाने, लोकसेवक म्हणून, कायद्याने मिळालेल्या अधिकारात काढलेली असली तरच कलम २१९ लागू होते. तहसीलदाराने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली काढलेला लिलाव यात बसतो. दिवाणी न्यायालयाच्या आदेशाने, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खाली होणारी विक्रीही बसते.

खासगी बँकेने तारण मालमत्तेचा केलेला लिलाव मात्र आपोआप यात येत नाही, कारण खासगी बँकेचा अधिकारी केवळ विक्री करतो म्हणून लोकसेवक ठरत नाही. पतसंस्थेच्या वसुलीत जास्त काळजी लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६१ नुसार निबंधक आणि त्यांचे अधिकार वापरणाऱ्या व्यक्ती लोकसेवक मानल्या जातात, पण लिलाव करणाऱ्या माणसाकडे ते अधिकार लेखी आदेशाने आलेले आहेत काय, आदेश त्याच्या नावाने आणि त्या मुदतीचा आहे काय, हे आधी पाहावे लागते. नेमणुकीचा आदेश फाईलमध्ये नसेल तर फिर्यादीचा विचार तिथेच थांबवावा.

*तपासा :* लिलाव करणाऱ्याच्या नावाचा अधिकारपत्राचा कागद, त्यावरील सही, शिक्का आणि तारीख.

टप्पा २ : जाहीरनाम्याची फाईल अशी ठेवा की तिला बोट लावता येऊ नये

बचाव पक्षाचा पहिला हल्ला इथेच असतो, कारण विक्री कायदेशीर नसेल तर कलमाचा पायाच राहत नाही. महसुली लिलावासाठी जमीन महसूल संहितेची कलमे १९२ ते १९४ समोर ठेवून पुढील क्रम पाळावा.

१. विक्रीचा मराठी जाहीरनामा विहित नमुन्यात काढावा. त्यात विक्रीची वेळ व ठिकाण असावे, महसूल देणारी जमीन असेल तर तिचा आकारही असावा. जंगम मालमत्ता असेल तर विक्री मंजुरीस अधीन आहे की नाही हे लिहावे.

२. स्थावर मालमत्तेची दवंडी तालुक्याच्या मुख्यालयात आणि मालमत्ता ज्या गावात आहे तिथे, दोन्हीकडे द्यावी लागते. गावातली दवंडी कोतवाल देतो, तालुक्याची राहून जाते. ही चूक फार वेळा होते. दवंडी दिल्याचा कागद दोन पंचांच्या सह्यांनिशी त्याच दिवशी करावा.

३. स्थावर मालमत्तेची लेखी नोटीस जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील कार्यालय, गावची चावडी किंवा दुसरी सार्वजनिक इमारत आणि थकबाकीदाराचे राहते घर अशा चार ठिकाणी लावावी. प्रत्येक ठिकाणी लावल्याचा वेगळा पंचनामा करावा आणि तारीख स्वच्छ लिहावी.

४. शेवटची नोटीस ज्या दिवशी लागली त्या दिवसापासून स्थावर मालमत्तेसाठी किमान ३० दिवस आणि जंगम मालमत्तेसाठी किमान ७ दिवस पूर्ण होऊ द्यावेत. रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी लिलाव ठेवू नये.

नाशवंत मालाला ही मुदत लागत नाही. रावेर-यावल पट्ट्यात कापलेली केळी जप्त झाली तर ती सात दिवस ठेवता येणार नाहीत, म्हणून संहिता असा माल शक्य तितक्या लवकर लिलावाने विकू देते. कापसाच्या गाठींना ही सवलत लावू नये.

न्यायालयीन विक्रीत मुदती वेगळ्या आहेत. आदेश २१, नियम ६८ नुसार, ऋणको (ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा आहे तो) लेखी संमती देत नसेल तर, न्यायालयाच्या इमारतीवर जाहीरनामा लावल्यापासून स्थावर मालमत्तेसाठी किमान १५ आणि जंगम मालमत्तेसाठी किमान ७ दिवस जावे लागतात. महसुली मुदत न्यायालयीन विक्रीला किंवा उलट लावलेली अनेकदा दिसते, विशेषतः जुन्या फाईलवरून नमुना उतरवून घेतला की.

*इशारा :* दिवस मोजताना जाहीरनाम्यावरची तारीख धरू नका. शेवटची नोटीस लागल्याची तारीख धरा.

टप्पा ३ : लिलावाच्या आदल्या आठवड्यातील व्यवस्था

विरोध होणार याची कुणकुण गावात आधीच लागते. पोलीस पाटील आणि तलाठी यांच्याकडून ती लेखी घ्यावी आणि बंदोबस्ताचे पत्र लिलावाच्या किमान काही दिवस आधी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. पत्रात ठिकाण, वेळ, मालमत्ता आणि विरोधाचे स्वरूप लिहावे. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ हे ठरीव वाक्य एकटे पुरत नाही.

लिलावाच्या जागेला एकच प्रवेश ठेवावा. बोलीदारांची नोंदवही वेगळी असावी आणि तिच्यात येण्याची वेळ, नाव, पत्ता, भरलेली अनामत यांचे रकाने असावेत. ही वही पुढे फार कामाला येते, कारण अडथळ्यामुळे बोलीदार परत गेला हे सिद्ध करायचे तर तो आला होता हे आधी दिसावे लागते. पंच गावातलेच पण थकबाकीदाराचे भाऊबंद किंवा उघड विरोधक नसलेले घ्यावेत. खानदेशात मे महिन्यात लिलाव सकाळी लवकर ठेवणे शहाणपणाचे आहे; दुपारी ऊन चढल्यावर माणसे थांबत नाहीत, आणि मग बोलीदार विरोधामुळे गेले की उन्हामुळे, असा प्रश्न उलटतपासणीत येतो.

चित्रीकरणासाठी एक कर्मचारी नेमावा आणि त्याचे नाव रोजनाम्यात लिहावे. मूळ फाईल ज्या मोबाईलमध्ये आहे तो फोन किंवा कार्ड जपून ठेवावे लागते, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली चित्रफीत पुरावा म्हणून घेऊन जाऊ नये.

टप्पा ४ : अडथळा आला त्या वेळी

घाईने सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. क्रम असा ठेवावा.

१. जाहीरनामा मोठ्याने वाचून दाखवावा आणि आपण कोणत्या आदेशाने लिलाव करीत आहोत हे सांगावे. अडथळा उद्देशपूर्वक होता हे दाखविण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. विक्री अधिकृत आहे हे कळल्यावरही माणूस हटला नाही, एवढे त्यातून दिसते.

२. बाजूला होण्याची स्पष्ट सूचना द्यावी आणि तिची वेळ लिहावी. आणखी एकदा संधी द्यावी, तिचीही वेळ लिहावी.

३. त्या माणसाकडे काही कागद आहे काय हे विचारावे. स्थगिती आदेश असेल, थकबाकी भरल्याची पावती असेल, तर ती पाहून रोजनाम्यात नोंद करावी. तोफेच्या तोंडी उभे राहिल्यासारखे बोलणाऱ्या माणसाच्या खिशातही न्यायालयाचा आदेश असू शकतो.

४. नाव आणि पत्ता विचारावा. बंदोबस्तावरील पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा करणारा माणूस नाव सांगत नसेल किंवा खोटे सांगत असेल, तर नाव निश्चित करण्यापुरते त्याला ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३९ ने दिलेला आहे. ही तरतूद बहुतेकांच्या लक्षात नसते, आणि पुढे फिर्यादीत ‘इतर २० ते २५ इसम’ एवढेच उरते.

५. पंचनामा तिथेच करावा. कार्यालयात परत आल्यावर लिहिलेला पंचनामा वाचताच ओळखू येतो.

पंचनाम्याच्या भाषेवर थोडे थांबावे लागेल. समजा, गिरणेच्या पात्रातून चोरटी वाळू नेताना पकडलेला ट्रॅक्टर, दंड न भरल्याने तहसीलच्या आवारात लिलावाला काढला आहे. एक पंचनामा म्हणतो, ‘सदर इसमाने लिलावाच्या शासकीय कामात अडथळा आणला.’ यातून न्यायालयाला काहीच कळत नाही; हा निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष काढणे न्यायालयाचे काम आहे. दुसरा म्हणतो, ‘सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी ट्रॅक्टरमालक आवाराच्या लोखंडी फाटकात मोटारसायकल आडवी लावून उभा राहिला. नोंदवहीत अनुक्रमांक ४ वर नाव असलेला बोलीदार आत येत असता मालक त्याला उद्देशून म्हणाला, “बोली लावशी ते देखी लिसू.” बोलीदार ९ वाजून १५ मिनिटांनी अनामतीचा धनाकर्ष परत मागून निघून गेला.’ माणूस अहिराणीत बोलला असेल तर त्याचे शब्द अहिराणीतच उतरवावेत, आणि अर्थ हवा असल्यास खाली वेगळा द्यावा. शब्द मराठीत सावरून लिहिले की साक्षीदार न्यायालयात वेगळेच शब्द सांगतो आणि विसंगती तयार होते.

*इशारा :* एकही बोलीदार आला नाही, यालाच अडथळा म्हणू नका. बोली लावण्याचे बंधन कोणावर नाही, आणि गावाने आपापल्या मनाने लिलावाकडे पाठ फिरवली तर तो गुन्हा नाही. दुसऱ्याला बोली लावू न देणे, त्याची वाट अडवणे, त्याला धमकावणे, माल हलवणे किंवा लिलावाची प्रक्रिया बंद पाडणे, असे काहीतरी कृत्य दाखवावे लागते.

टप्पा ५ : कलम निवडणे

शेजारची चार कलमे एकमेकांत मिसळली जातात. जप्ती करतेवेळी, मालमत्ता ताब्यात घेताना प्रतिकार झाला तर ते कलम २१८ आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे. विक्रीत अडथळा हे २१९. पैसे भरण्याचा इरादा नसताना बोली लावणे, किंवा ती मालमत्ता विकत घेण्यास कायद्याने अपात्र असलेल्या व्यक्तीसाठी हे माहीत असून बोली लावणे, हे २२०. लोकसेवकाच्या कर्तव्यात सर्वसाधारण अडथळा हे २२१.

रागाच्या भरात सरळ कलम १३२ लावण्याचा मोह होतो. ते हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर यासाठी आहे, दखलपात्र आहे, आणि पोलिसांना लगेच गुन्हा नोंदवता येतो म्हणून सोयीचे वाटते. अधिकाऱ्याची कॉलर धरली, त्याला ढकलले, दगड मारला, तर ते जरूर लावावे. पण केवळ फाटकात आडवे उभे राहण्याला हल्ला ठरवून कलम वाढविणे माझ्या मते चूक आहे, व्यवहारानेही आणि न्यायानेही. घडलेला गुन्हा विक्रीतील अडथळ्याचाच असेल तर दुसऱ्या कलमाचे नाव देऊन पुढच्या टप्प्यातील अट चुकवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

टप्पा ६ : फिर्याद कोणी, कोठे, कधी द्यायची

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१५ सांगते की न्याय संहितेच्या कलम २०६ ते २२३ (कलम २०९ वगळून) मधील गुन्ह्यांची दखल न्यायालय घेऊ शकते ती फक्त संबंधित लोकसेवकाच्या, किंवा तो प्रशासकीयदृष्ट्या ज्याच्या अधीन आहे त्या वरिष्ठाच्या, किंवा त्याने अधिकृत केलेल्या दुसऱ्या लोकसेवकाच्या लेखी फिर्यादीवरूनच. २१८ ते २२१ ही चारही कलमे यात येतात. प्रयत्न, चिथावणी आणि कट यांनाही हीच अट आहे.

याचा अर्थ, ठाण्यातील अदखलपात्र नोंद ही फिर्याद नव्हे. पोलिसांनी न्यायालयात पाठवलेला अहवालही तिची जागा घेत नाही. दौलत राम विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालात तहसीलदाराची स्वतःची लेखी फिर्याद नव्हती, पोलिसांकडून प्रकरण गेले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो खटला मुळापासूनच अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरवला. ते प्रकरण खोटी माहिती देण्याच्या कलमाखालचे होते, पण अट तीच आहे. ठाण्यातील नोंद जरूर करावी, कारण घटनेच्या वेळेचा तो चांगला आधार आहे. तिच्यावर विसंबू मात्र नये.

फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात दाखल करावी आणि तिच्यात पुढील गोष्टी या क्रमाने याव्यात : फिर्यादीचे पद आणि अधिकाराचा आदेश, मूळ थकबाकी किंवा हुकूमनामा, जप्ती, जाहीरनामा, दवंडी आणि नोटिसा, प्रत्येकाच्या तारखेसह, लिलावाचा दिवस, आरोपींची कृत्ये, प्रत्येकाचे वेगळे, दिलेल्या सूचना, परिणाम, म्हणजे लिलाव थांबला, लांबला की बोलीदार परत गेले, साक्षीदार आणि कागदांची यादी. प्रत्येक आरोपीच्या नावापुढे त्याने स्वतः काय केले हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर त्याचे नाव घालू नये.

सही शक्यतो लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याचीच हवी. अव्वल कारकुनाने ‘तहसीलदार करिता’ म्हणून केलेली सही धोक्याची आहे. अधिकाऱ्याची बदली झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांसारख्या वरिष्ठांनी आपल्या सहीने फिर्याद द्यावी. न्यायालयीन विक्रीत बेलिफाने आपला अहवाल नाझरमार्फत न्यायालयापुढे ठेवून आदेश घ्यावेत.

*इशारा :* एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ने एक वर्षाची मुदत आहे, आणि ती पाळली की नाही हे फिर्याद दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरते. टिपणी प्रांतांकडे, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, मग सरकारी वकिलांच्या अभिप्रायाला असा प्रवास करीत वर्ष सहज जाते. घटनेच्या दुसऱ्या दिवशी फाईलच्या पहिल्या पानावर मुदत संपण्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवावी.

टप्पा ७ : दाखल झाल्यानंतर

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे एक बदल झाला आहे : दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पत्ते चुकीचे असतील तर प्रकरण तिथेच महिनोन्महिने अडकते. लोकसेवकाने कर्तव्यावर असताना दिलेल्या लेखी फिर्यादीत त्याचा शपथेवरील जबाब घेण्याची न्यायदंडाधिकाऱ्यांना आवश्यकता नसते, त्यामुळे जे सांगायचे ते सर्व फिर्यादीतच आलेले असले पाहिजे.

वरिष्ठांना फिर्याद मागे घेण्याचा आदेश देता येतो, पण पहिल्या न्यायालयातील खटला संपण्यापूर्वीच. थकबाकी भरून झाली आणि धमकी किंवा मारहाण झालेली नसेल, तर या तरतुदीचा विचार अवश्य व्हावा असे मला वाटते.

फिर्याद चालू आहे म्हणून लिलाव पडून राहू देऊ नये. दोन्ही स्वतंत्र आहेत. न्यायालयीन विक्री ३० दिवसांहून जास्त तहकूब झाली तर आदेश २१, नियम ६९ नुसार नवा जाहीरनामा लागतो, ऋणकोने ती अट सोडून दिली असेल तर गोष्ट वेगळी. महसुली लिलावातही लांब तहकुबीनंतर फेरजाहीरनामा काढणेच सुरक्षित आहे.

थकबाकीदार, हरकतदार आणि बोलीदार यांच्यासाठी

लिलाव चुकीचा आहे असे वाटणाऱ्याला मोकळ्या वाटा आहेत, आणि त्या वापरणे हा अडथळा नाही. बोली अंतिम होण्यापूर्वी थकबाकी आणि खर्च भरला तर विक्री थांबते. लेखी हरकत देऊन पोच घेता येते, वरिष्ठांकडून किंवा न्यायालयातून स्थगिती आणता येते. महसुली विक्री झाल्यावरही स्थावर मालमत्तेबाबत ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदी रकमेच्या पाच टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते, किंवा गंभीर अनियमितता अथवा लबाडी दाखवून तसा अर्ज करता येतो. स्थगितीचा आदेश झाला असेल तर त्याची प्रत बोली सुरू होण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या हातात पडली पाहिजे. ‘वकील घेऊन येत आहेत’ असे सांगत फाटक अडवून ठेवू नये.

बोलीदाराने बोलीपूर्वी स्वतःची पात्रता पाहावी. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यास कूळ कायद्याच्या कलम ६३ ने परवानगी लागते, आणि ही अट थकबाकीच्या लिलावालाही आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ चे बंधन आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या तालुक्यांत तर हा प्रश्न नेहमी उभा राहतो. दुसऱ्याच्या वतीने बोली लावणाऱ्याला ही अपात्रता ठाऊक असेल तर कलम २२० त्याच्यावर येते. स्थावर मालमत्तेची बोली आपल्या नावावर सुटताच २५ टक्के रक्कम तिथेच भरावी लागते, ती न भरल्यास मालमत्ता लगेच पुन्हा लिलावाला निघते आणि फेरविक्रीतील तूट पहिल्या बोलीदाराकडून वसूल होऊ शकते. बोलीची किंमत चढवून मग मागे हटण्यासाठी कोणी पुढे करीत असेल तर नोंदवहीत नाव लिहिण्याआधीच नकार द्यावा.